आईलाच दूध आलं नव्हतं, मग मला येईल?

सातव्या महिन्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पहिलटकरणी एकच विचारतात, "मला दूध येईल ना?" कुणी बसल्या बसल्या, कुणी निघताना दारात थबकून. मधुराने (नाव बदललं आहे) मात्र विचारलंच नाही, निकालच सांगितला. "आईला माझ्या वेळी दूध आलंच नाही, मॅडम. मी वरच्या दुधावर वाढले."

नवरा शेजारी गप्प. पोटातल्या बाळाशी बोलता का, म्हटल्यावर दोघंही ओशाळले. "श्लोक लावतो मोबाइलवर," तो म्हणाला. "पण आपण काय बोलायचं?"

पहिल्या दोन भेटींत मी समजावत राहिले. ती मान डोलवायची आणि निघताना डब्याच्या दुधाबद्दल विचारायची. तिसऱ्या भेटीला तिच्या आईला बोलावलं. गर्भवतीला एकटीलाच समजावण्यावर माझा विश्वास नाही. बाळंतपण जिच्या हाती व्हायचं, तीही समोर हवी.

"काकू, मधुरा झाली तेव्हाचं सांगा."

"सिझर झालं. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ दिली. तोवर मध चाटवला, बाटली दिली."

"आणि तुम्हाला?"

"छाती दगडासारखी झालेली. सासूबाई म्हणाल्या, चीक बाधतो बाळाला. पिळून टाकायला लावला." त्या थांबल्या. मग लेकीकडे बघत हळूच म्हणाल्या, "म्हणजे आलं होतं की गं मला दूध."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मधुरा आईचा हात धरून रडत होती. इतकी वर्षं त्या माउलीने स्वतःला उणं मानलं आणि लेकीने ते उणेपण जसंच्या तसं उचललं. दुधाच्या भीतीमागे अशी एखादी अर्धवट राहिलेली गोष्ट मला पुष्कळदा सापडते. त्या दिवसानंतर डब्याच्या दुधाचा विषय निघाला नाही.

आता मी सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचू लागलं. पहिल्या तासातच बाळ छातीशी घ्यायचं. चीक चमचाभरच असतो, पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच असतं. दूध उतरायला दोन-चार दिवस लागतात, सिझरनंतर कधी थोडे जास्त. दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजायचं, कारण बाळ जितकं ओढेल तितकं बनतं. अळिवाची खीर जरूर खा, पण तिच्याने बाळाच्या ओढण्याची जागा भरत नाही. बाळाने नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात घ्यायला हवा. पाजताना दुखत राहिलं तर पकड चुकतेय. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. तसं नसेल तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

नवऱ्याला म्हटलं, श्लोक असू देत, पण बाळाला तुमचा आवाज हवाय. सहाव्या महिन्यापासून त्याला ऐकू येऊ लागतं. मंडईत काय आणलंत तेच सांगा. तो रोज रात्री भाज्यांचे भाव सांगू लागला. मधुरा म्हणाली, "त्याचा आवाज आला की मीच पोटावर हात ठेवून वाट बघते." मला बंध म्हणतात तो हाच वाटतो, त्याला वेगळे संस्कार लागत नाहीत.

मुलगी झाली, सिझरनेच. मधुराचे टाके ओले होते, तेव्हा बापाने लेकीला उघड्या छातीवर घेतलं. नातलगांपैकी कुणीतरी मधाची वाटी पुढे केली. आजीने ती बाजूला सारली आणि नात मधुराच्या कुशीत ठेवली. "आधी चीक पिऊ दे तिला."