वाचक विचारतात: रिव्हरवरची मोठी पैज

प्रश्न (कोथरूड): खोट्या चिप्सच्या ॲपवर टेक्सस होल्डम (हातात दोन आणि टेबलावर सगळ्यांची पाच पानं असलेला पोकर) खेळतो. माझ्या हातात इस्पिक एक्का-राणी. टेबलावर आधी बदाम राणी, बदाम सत्ती, किलवर दुर्री (फ्लॉप), मग चौकट चौकी (टर्न), शेवटी इस्पिक नव्वी (रिव्हर). बिग ब्लाइंडवाल्याने (पानं बघण्याआधी सक्तीची मोठी पैज लावणाऱ्याने) फ्लॉपवर चेक-रेझ केलं (आधी थांबला, मी पैज लावल्यावर ती वाढवली), टर्नवर पैज लावली आणि रिव्हरला 1000 च्या पॉटमध्ये (जमलेल्या चिप्समध्ये) 1500 टाकले. कॉल करावा (तेवढेच भरून त्याची पानं बघावी) का?

उत्तर: चिप्स खोट्या आहेत ते बरं; 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच केलेत. गणित मात्र तेच. 1500 भरून एकूण 4000 चा पॉट, म्हणजे 37.5 टक्के वेळा तरी जिंकायला हवं.

आता त्याचे हात मोजा. तुम्हाला हरवणारे: हातात सत्तीची जोडी 3 प्रकारे, दुर्रीची 3, चौकट किंवा किलवरची राणी-सत्ती 2. झाले 8. मग 37.5 टक्के गाठायला त्याच्याकडे निदान 5 ब्लफ (हरणारी पानं घेऊन नुसती हूल देणारे हात) हवेत. हुकलेले बदाम (पाच बदाम जमवायला निघालेले, पण न जमलेले हात) बघा: राजा-गुलाम, राजा-दश्शी, गुलाम-दश्शी, छक्की-पंजी, एक्का-पंजी, एक्का-तिर्री. सहा! कागदावर कॉल, पण काठावरचा. बदामचा एक्का तुमच्याच हातात असता तर शेवटचे दोन गळाले असते, मग फोल्ड (पानं टाकून द्यायची).

खरी मेख अशी, की हे सहाही हात तो ब्लफ करेल हे आपण गृहीत धरलंय. एरवी गुपचूप कॉल करत बसणारा गडी अचानक पॉटच्या दीडपट लावतो तेव्हा बहुधा त्याच्याकडे भारी पानं असतात. तिथे पानं टाका. सारखं रेझ करणाऱ्याला कॉल करा.