बंदरातल्या कामगारांची सुरक्षा सरकार आणि संघटना मिळून कशी वाढवू शकतात?

चाकणचा माल न्हावा शेवाहून जातो, तेव्हा पुणेकरांनी हा प्रश्न विचारणं मला फार योग्य वाटतं.

कायद्याची उणीव नव्हती. गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी १९८६ साली कायदा झाला, १९९० मध्ये नियम आले. पण निरीक्षक रोज धक्क्यावर नसतो, कामगार असतो. ट्रेलर मागे घेताना कुठे माणूस दिसत नाही, कंटेनरच्या टपावर चढताना पट्टा अडकवायला जागा आहे का, हे त्यालाच ठाऊक. म्हणून सुरक्षा समितीत संघटनेचा माणूस हवा, आणि थोडक्यात टळलेला अपघात सांगितला म्हणून कुणाचा रोज बुडता कामा नये. माझ्या मते सगळं यावरच अडतं. कंत्राटी कामगार तर भीतीनं गप्पच राहतो.

असं सहकार्य आपल्याला नवं नाही. १९६९ च्या माथाडी कायद्यानं मालक, कामगार आणि सरकार यांना एकाच मंडळात बसवलं. त्यामागे बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या चळवळींचे कष्ट होते. बंदरातही हीच त्रिपक्षीय बैठक लागते.

आणि एक काम पुण्यातच होण्यासारखं आहे. कंटेनर कारखान्यात किंवा तळेगावच्या डेपोत भरला जातो. आत माल नीट बांधला नसेल, तर दार उघडणाऱ्याच्या अंगावर कोसळतो. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या निर्यात कंटेनरचं तपासलेलं वजन कळवणं बंधनकारक आहे. तुमच्या कंपनीत ते खरोखर काट्यावर होतं का, हे आधी विचारा.