स्क्रीन कुठली घेऊ विचारलंत, पण आधी कार्डाचं बघू

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न एवढाच की फुल एचडी स्क्रीनचा साधा लॅपटॉप घेऊ की जास्त बारीक पिक्सेलच्या फोर-के ओएलईडी स्क्रीनचा, कारण जुन्याची स्क्रीन अंधुक आणि पिवळट झालीय. बाकीच्या गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात, क्रेडिट कार्डाची थकबाकी, दर महिन्याला फक्त 'मिनिमम ड्यू' म्हणजे बिलातली किमान रक्कम भरणं, मागच्या वर्षी घेतलेली बचत-विमा पॉलिसी. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे.

हिशोब सोपा जावा म्हणून तुमचा महिन्याचा पगार १०० धरू. मग साधा लॅपटॉप १२०, ओएलईडीवाला २१० (तो तुम्ही १८ महिने साधारण १२ च्या हप्त्यांवर घेणार होतात), कार्डाची थकबाकी १५०, शिल्लक बचत ४०, पॉलिसीचा हप्ता वर्षाला ६०. आणि रिपेअरवाल्याने जुन्या लॅपटॉपचं स्क्रीन-पॅनल बदलून द्यायचे सांगितलेत १२, जे तुम्ही 'जुन्यावर कशाला खर्च' म्हणून एका ओळीत उडवून लावलंत.

आधी स्क्रीनचं बोलतो, ते लवकर संपेल. १५.६ इंचावर फुल एचडी म्हणजे इंचाला साधारण १४० पिक्सेल, फोर-के म्हणजे २८०, एकूण पिक्सेल चौपट. पण लॅपटॉपपासून आपण ६० सेंटीमीटरवर बसतो, आणि तेवढ्या अंतरावरून चांगल्या नजरेला इंचाला दीडशेच्या आसपासच पिक्सेल सुटे दिसतात. त्यात फोर-केवर अक्षरं बारीक दिसतात म्हणून स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रांचा आकार, २०० टक्के करावं लागतं, मग अक्षरं जास्त रेखीव दिसतात हे खरं पण एक्सेलचे कॉलम मावतात फुल एचडीएवढेच. 'हा एलसीडी नाही, एलईडी आहे' असं दुकानदाराने साध्या मॉडेलबद्दल सांगितलं ते चूक आहे, तो एलसीडीच असतो, फक्त मागचा उजेड एलईडीचा, आणि त्याआधी उजेडासाठी असायच्या त्या सीसीएफएल ट्यूब लॅपटॉपमधून २०१० च्या सुमारासच गेल्या त्यामुळे त्यात विशेष काही राहिलेलं नाही. ओएलईडीला मागचा उजेडच नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, काळा रंग एकदम काळा दिसतो, सिनेमाला आणि फोटोला सुंदर. पण तुम्ही दिवसभर पांढऱ्या शीटवर हिशोब करता, पांढऱ्यावर ओएलईडी बॅटरी जास्त खातो, आणि टास्कबारसारखी एकाच जागी बसलेली चित्रं वर्षानुवर्षं राहिली तर त्यांचे कायमचे डाग पडू शकतात, त्यालाच बर्न-इन म्हणतात. आणि तुम्हाला सोबत गळ्यात मारू पाहिलेलं तीन वर्षांचं 'स्क्रीन प्रोटेक्शन' कव्हर? तुम्हीच पाठवलेल्या अटींमध्ये बर्न-इन आणि डेड पिक्सेल (बंद पडलेले ठिपके) दोन्ही वगळलेत! म्हणजे ज्या बिघाडाची या स्क्रीनला खरी भीती, तोच कव्हरमध्ये नाही. ते घेऊ नका.

आता मुद्द्याचं. कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ नाही, चक्रवाढीने ४२-४३. १५० वर पहिल्याच महिन्यात साडेचार व्याज. मिनिमम ५ टक्के भरता म्हणजे साधारण साडेसात, त्यातले साडेचार व्याजातच गेले, मुद्दल हललं तीनने. असंच चालू ठेवलंत तर १८ महिन्यांनी, म्हणजे लॅपटॉपचे हप्ते संपतील तेव्हा, थकबाकी अजून १०० च्या आसपास असेल आणि मधल्या काळात व्याजापोटी ६५-७० गेलेले असतील. तेही कार्डावर एक पैसा नवीन खर्च केला नाही तर! आणि थकबाकी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे कार्ड देताना कुणी नीट सांगत नाही.

पॉलिसीचं ऐकून तर मला राग आला. '२० वर्षांत दुप्पट' असं सांगून विकली. ६० गुणिले २० म्हणजे १२०० भरायचे, २४०० मिळायचे. दर वर्षी भरत गेल्यावर शेवटी दुप्पट, याचा परतावा बसतो जेमतेम सहा-सव्वासहा टक्के. इकडे बेचाळीस टक्के देताय आणि तिकडे सहा टक्क्यांसाठी हप्ता भरताय. पण रागाच्या भरात लगेच बंद करू नका. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर किती मिळतील आणि हप्ते थांबवून पेड-अप करता येते का, म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू ठेवता येते का, हे दोन्ही लेखी मागवा, आणि घरी कुणी तुमच्यावर अवलंबून असेल तर आधी साधा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला फक्त जीवनविमा, घ्या, तो हातात आल्यावरच पुढचं पाऊल.

'शनिवार-रविवारी फोटो एडिटिंग करून सहा महिन्यांत लॅपटॉपचे पैसे काढीन' असंही लिहिलंय तुम्ही. आज गिऱ्हाईक एकही नाही. पहिलं काम जुन्यावर करा, पैसे हातात येऊ द्या, मग स्क्रीनचं बघू. ते काम खरंच जमलं तर तेव्हाही रिझोल्यूशनच्या आधी एसआरजीबी (स्क्रीन किती रंग नीट दाखवते त्याचं माप) १०० टक्के आणि ब्राइटनेस निदान ३०० निट्स (उजेडाचं एकक) हे बघायचं, कारण रंग चुकले तर जास्त पिक्सेल असून काय उपयोग.

मी तुमच्या जागी असतो तर बचतीतले १२ काढून पॅनल बदलून घेतलं असतं. मागच्या स्टिकरवरचा पॅनल नंबर आणि कनेक्टर ३० पिनचा की ४० चा हे आधी बघायला सांगा. उरलेले २८ अडीअडचणीला राहू द्या. ओएलईडीसाठी महिन्याला १२ द्यायला तुम्ही तयार होतात, मिनिममचे साडेसात आहेतच, म्हणजे २० झाले. ते सगळे दर महिन्याला कार्डावर टाका आणि कार्ड वापरणं थांबवा. नऊ महिन्यांत १५० फिटतात, पॉलिसीचे महिन्याचे ५ सुटले तर सातमध्येच. त्यानंतर तेच २० साठवलेत तर सहा महिन्यांत साधा लॅपटॉप रोखीने येतो. पॉलिसीचे दोन आकडे हातात आले की मला कळवा, पुढचा हप्ता भरायच्या आधी.