‘पासोकीकरण’ कशाला म्हणावे?

प्रश्न असा आहे: युरोपातल्या निवडणुकांवरच्या लेखात ‘पासोकीकरण’ शब्द आला; त्याचा अर्थ काय, आणि पडझड झालेल्या कुठल्याही पक्षाला तो लावता येतो का?

पासोक हे ग्रीसमधल्या समाजवादी पक्षाच्या नावाचे लघुरूप. लष्करी राजवट कोसळल्यावर १९७४ साली आंद्रेआस पापान्द्रेऊ यांनी तो स्थापला. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला जवळपास ४४ टक्के मते होती, जानेवारी २०१५ मध्ये ४.७ टक्के. एवढी घसरण का झाली, यातच शब्दाचा अर्थ आहे. मे २०१० मध्ये पासोक सरकारने ११० अब्ज युरोंचे कर्ज स्वीकारले आणि त्याच्या अटींपायी सरकारी पगार व पेन्शनला कात्री लावली, विक्रीवरचा कर वाढवला. पक्षाचा हक्काचा मतदार तर हाच नोकरदार आणि पेन्शनर! पुढे २०१२ मध्ये पासोकने जुन्या प्रतिस्पर्धी ‘नवी लोकशाही’ पक्षाच्या सरकारला साथ दिली. तोवर बरीचशी मते अधिक डाव्या सिरिझा पक्षाकडे गेली होती.

म्हणजे पक्ष मध्यममार्गी-डावा हवा, त्याने सत्तेत असताना स्वतःच्याच मतदाराच्या पोटावर पाय दिलेला हवा, आणि मते एकअंकी टक्क्यांपर्यंत उतरलेली हवीत. नेदरलँड्सचा मजूर पक्ष यात चपखल बसतो: उजव्या उदारमतवाद्यांबरोबर काटकसरीचे सरकार चालवले आणि २०१२ च्या ३८ जागांवरून २०१७ मध्ये ९ वर आला. फ्रेंच समाजवाद्यांना शब्द लावताना जपून. २०१७ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला ६.४ टक्के मते पडली हे खरे, पण त्यांचे मतदार अधिक डावे मेलाँशाँ आणि मध्यममार्गी माक्राँ अशा दोन्ही बाजूंना पांगले. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाला २०१७ मध्ये २०.५ टक्के मते मिळाली, तेव्हा हा शब्द सर्रास वापरला गेला. तो चुकीचाच होता. २०२१ मध्ये तोच पक्ष पहिला आला.

आता शब्दाचे रूप. ‘शुद्धीकरण’प्रमाणे ‘की’ दीर्घ. ‘बाष्पीभवन’च्या धर्तीवर कुणी ‘पासोकीभवन’ सुचवेल, पण इथे पक्षाने हे स्वतःच्या निर्णयांनी ओढवून घेतलेले असते, म्हणून ‘करण’च योग्य.

कोशात मात्र ‘नामशेष होणे’ असा अर्थ देऊ नये. सिरिझाचे खासदार फुटल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये पासोकच ग्रीक संसदेतला प्रमुख विरोधी पक्ष झाला.