शांतिसेनेचं ऑडिट नुसतं सह्यांपुरतं असतं का?

तुम्ही विचारलंय, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या मोहिमांत पैशांचा आणि कारभाराचा हिशोब कोण तपासतं, आणि ते ऑडिट खरं असतं की "नुसतं सह्यांपुरतं". हे शेवटचे शब्द वाचून राहवलं नाही. सैन्यात सत्तावीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं, त्यातलं एक वर्ष आफ्रिकेतल्या एका मोहिमेत. आता देवगड तालुक्यात गावी असतो. युनिटचं आणि मोहिमेचं नाव लिहीत नाही.

कोण तपासतं ते आधी सांगतो. आतून तपासणारं संयुक्त राष्ट्रांचं स्वतःचं कार्यालय म्हणजे ओआयओएस (ऑफिस ऑफ इंटर्नल ओव्हरसाइट सर्व्हिसेस), १९९४ साली सुरू झालेलं. मोठ्या मोहिमांत त्यांचे ऑडिटर तिथेच मुक्कामाला असतात. बाहेरून तपासणारं बोर्ड ऑफ ऑडिटर्स १९४६ सालचं. त्यावर तीन देशांचे महालेखापरीक्षक असतात, मुदत सहा वर्षांची. आपले कॅग १९९३ ते १९९९ आणि पुन्हा २०१४ ते २०२० त्यावर होते. शांतिसेनेचं हिशोबाचं वर्ष १ जुलै ते ३० जून. अहवाल महासभेपुढे जातो आणि कुणालाही वाचता येतो.

पण हे लोक जे कागद तपासतात, त्यातले बरेचसे आमच्यासारख्यांच्या दारात तयार होतात. सैन्य पाठवणारा देश आपली वाहनं, जनरेटर, तंबू, भटारखाना बरोबर नेतो आणि संयुक्त राष्ट्रं त्याचं भाडं देतात. काय आणि किती न्यायचं ते करारात लिहिलेलं असतं. दर तिमाहीला मोहिमेचं पथक येऊन काय आहे, काय नाही, काय चालू, काय बंद ते बघतं. अहवालावर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात आणि त्यावर भाडं ठरतं. सैनिकांचे पैसे वेगळे. २०१८ साली ठरलेला दर माणशी महिना १,४२८ डॉलर होता, आणि तो जातो सरकारकडे. जवानाच्या खिशात ते १,४२८ येतात असं गावात अजून कित्येकांना वाटतं.

आता माझ्यासमोर घडलेलं.

एका क्षमतेचे चार जनरेटर आमच्या नावावर होते. तीन छावणीत, एक पुढच्या चौकीवर. तपासणीच्या महिनाभर आधी छावणीतल्या एकाचं वाइंडिंग जळालं. करार वेट लीजचा, म्हणजे देखभाल आमची. सुटा भाग भारतातून यायचा होता. मागणी गेलेली, उत्तर नाही. तपासणीच्या आदल्या रात्री एक वरिष्ठ स्टोअरमध्ये आले. म्हणाले, पथक सकाळी चौकी बघणार, छावणी दुपारी. मधल्या वेळात चौकीवरचा जनरेटर ट्रकने आणून जळक्याच्या जागी ठेवायचा. चारचे चार चालू.

मी म्हटलं, साहेब, सिरीयल नंबर? अवर मीटर? ते म्हणाले, कोण बघतंय एवढं.

ट्रक बाहेर काढायच्या कागदावर माझी सही लागायची. मी केली नाही. पहाटे कंपनी कमांडरना जाऊन सगळं सांगितलं. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान होते. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "जो है सो दिखाओ."

दुपारी पथक आलं. त्यातला एक उंच, गप्प गृहस्थ प्रत्येक जनरेटरपाशी उकिडवा बसायचा, प्लेटवरचं काळं ग्रीस अंगठ्याने पुसायचा आणि सिरीयल नंबरचा एकेक आकडा यादीशी ताडून बघायचा. मग मीटरवरचे तास लिहायचा. चौकीवरही त्याने सकाळी हेच केलं होतं. जळक्याजवळ आला तेव्हा मी लॉगबुकातलं त्या दिवसाचं पान आणि मागणीपत्राची प्रत पुढे केली. त्याने दोन्ही वाचलं, "बंद" लिहिलं आणि पुढे गेला. आवाज चढला नाही, उपदेश नाही. त्या जनरेटरचं भाडं कापलं गेलं. ती कपात वरपर्यंत पोचली तेव्हा कुठे सुटा भाग हलला. पाच आठवड्यांत जनरेटर सुरू.

ते वरिष्ठ मोहीम संपेपर्यंत माझ्याशी नीट बोलले नाहीत. "देशाचा पैसा घालवलास," म्हणाले. मला हे आजही पटत नाही. जनरेटर हलवला असता तर चौकीवरचा वायरलेस आणि दिवे कशावर चालले असते? महासभेच्या २०१३ च्या ठरावापासून तर करारातली मोठी सामग्री नसली किंवा बंद असली की सैनिकांच्या रकमेतूनही कपात होऊ शकते. खोटा आकडा दाखवून आपण फसवतो ते आपल्याच पुढच्या चौकीवरच्या पोरांना.

रेशनचंही तेच. ते संयुक्त राष्ट्रांचा ठेकेदार आणतो, माणशी दिवसाला ४,५०० कॅलरीच्या हिशोबाने. साठ जण सुटीवर असताना मागणी पूर्ण संख्येवर गेली, तर फ्रीझरमध्ये कोंबड्या साठत जातात आणि पैसे मोहिमेचे जातात. म्हणून ऑडिटर रेशनची मागणी आणि त्या दिवसाची हजेरी शेजारीशेजारी ठेवून बघतात. चोर पकडायला यापेक्षा मोठं शास्त्र लागत नाही.

तेव्हा "सह्यांपुरतं" म्हणू नका. सही करणारा उकिडवा बसून नंबर वाचतो की नाही, ते विचारा. हे मी गावात बोललो आणि भावकीत वाईट झालो. ग्रामदेवतेच्या सभामंडपाचा जीर्णोद्धार निघाला, मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने घरटी वर्गणी काढली. मे महिन्याच्या सभेत चिऱ्यांचा, म्हणजे भिंतीच्या जांभ्या दगडांचा, खर्च वाचून दाखवला. देवळामागे चिरे रचून ठेवले होते. मी सकाळी जाऊन थर मोजले, मग भिंतीत लागलेले मोजले. वाचलेला आकडा आणि जागेवरचा आकडा जुळेना. मी सभेत फक्त पावती मागितली. चोर कुणालाच म्हटलं नाही. चुलतभाऊ उठून म्हणाला, "देवाच्या कामात चिरे मोजूक इलंस?" पुढच्या शिमग्याला पालखी आमच्या अंगणात थांबली नाही. बायको आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती.

देवाच्या कामात तर आधी मोजायला हवं. ज्या मावशीने काजू विकून वर्गणी दिली, तिच्या पैशाची पावती मागणं हा देवाचा अपमान कसा होतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. हिशोब मागणं म्हणजे संशय घेणं, हे आपल्याकडे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की प्रामाणिक खजिनदारसुद्धा पावती मागितली की चिडतो. त्या कमांडरना राग आला नाही, कारण त्यांच्याकडे लपवायला काही नव्हतं.

एक मात्र खरं, मी जे पाहिलं ते एका तुकडीच्या स्टोअरमधून. मोठी कंत्राटं, इंधनाचे ठेके, न्यू यॉर्कची खरेदी यांच्याशी माझा संबंध आला नाही. तिथे मोठे घोळ झालेले आहेत. २००६ साली त्यासाठी खास चौकशी पथक नेमावं लागलं, आणि २००७ मध्ये खरेदी विभागातल्या एका अधिकाऱ्याला कंत्राटांच्या बदल्यात लाच घेतल्याबद्दल अमेरिकेच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. तो भारतीय होता, ते वाचून फार वाईट वाटलं होतं. शिवाय ऑडिटरच्या शिफारशी सगळ्याच अमलात येतात असं नाही. काही वर्षानुवर्षं "प्रलंबित" राहतात, बोर्डाच्या अहवालात त्यांची यादीच असते. अभ्यासासाठी विचारत असाल तर आधी ती यादी वाचा.

येत्या मेमध्ये आमच्याकडे पुन्हा सभा आहे. चिऱ्यांची पावती मी परत मागणार आहे.