नऊशे मीटर चालू दे की गं त्याला!

या वेळचं पत्र स्टुटगार्टजवळच्या एका गावातून आलंय. मुलगा सप्टेंबरात पहिलीत गेलाय. ती लिहिते, "ताई, शाळा घरापासून फक्त ९०० मीटर, नवरा ऑफिसला जाताजाता गाडीने सोडतो, तीन मिनिटांचं काम. तर बाईंची आता तिसरी चिठ्ठी आली की त्याला चालत पाठवा. सहा वर्षांच्या पोराला एकटं? या लोकांना मुलांची काळजी वगैरे असते की नाही?" पुढे पोहण्याचा तास, सासरे, दिवाळीची सुट्टी असं बरंच काही आहे, त्याचं शेवटी बघू.

अगं बाई, काळजी आहे म्हणूनच तर चिठ्ठ्या येतायत. एकदा पावणेआठला शाळेसमोर नुसती उभी राहून बघ. कोणी फुटपाथवर अर्धी गाडी चढवलीय, कोणी रिव्हर्स घेतंय, कोणी न बघता दार उघडतंय, आणि चालत येणारी बाकीची पिल्लं त्यातून वाट काढतायत. त्यांना भीती कुणाची, तर तुझ्या नवऱ्याच्या गाडीची. एल्टर्नटॅक्सी म्हणतात इथे त्याला, आईबापांची टॅक्सी, आणि कौतुकाने नाही म्हणत. सोडू नका असा कायदा नाहीये, विनंतीच आहे, पण तीनदा केलेली विनंती म्हणजे काय ते जर्मनीत राहून तुला कळायला हवं.

तू लिहिलंयस, "आम्हाला पुण्यात व्हॅनवाले काका दारातून न्यायचे." बरोबरच होतं ते, पुण्यात सिग्नल हिरवा असला तरी चारी बाजूंना बघून देवाचं नाव घ्यावं लागतं. इथे झेब्रावर पोरगं उभं दिसलं की गाडी थांबते. कित्येक सिग्नलांवर तर पाटीच असते, हिरव्यावरच ओलांडा, मुलांसमोर आदर्श ठेवा, आणि लाल असताना रिकामा रस्ता ओलांडलास तर कोणीतरी आजी तुला सुनावणारच. मला सुनावलंय, भर बाजारात, कडेवर लेक असताना. पाठीवरचं ते हजार डबे मावतील असं रान्झेन, म्हणजे इथलं दप्तर, त्याच्यावरचे भडक केशरी पट्टे काय शोभेला आहेत का? आणि शाळेत जाता-येता काही झालंच तर मुलांना सरकारी अपघात विमा असतो, १९७१ पासून, वेगळा हप्ता न भरता. म्हणजे पोरं घर ते शाळा आपली आपण जाणार हे इथे धरूनच चाललेत.

बरं, मी काय मोठी शूर होते असं नाही. माझी लेक पहिलीत असताना आठवडाभर मी कुंपणाआडून तिच्या मागे मागे जायचे, तिला दुसऱ्याच दिवशी कळलेलं, चौथ्या दिवशी मागे वळून म्हणाली, आई तू आज लवकर निघालीस. आणि मी स्वतः मिरजेत दुसरीपासून धाकट्या भावाचा हात धरून चालत जायचे, वाटेत म्हशी, टांगे, सगळं. आईने कधी विचारलंसुद्धा नाही कुठून गेलात. तूही आईला विचार, ती काय दारातून व्हॅनने गेली होती का शाळेत!

खरं शिकायला तर आपल्याला लागतं. आपल्याकडे गाड्या डावीकडून, म्हणून आपली मान रस्त्यावर आधी उजवीकडे वळते, इथे आधी डावीकडे बघायचं असतं. आई आली होती तेव्हा उजवीकडे बघून बिनधास्त उतरली आणि डावीकडून सायकल सुसाट. सात वर्षांच्या लेकीने तिला पदराला धरून मागे ओढलं, "आजी, आधी डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे!" शाळेत घोटून घेतात ते. त्यामुळे मुलाबरोबर चालताना तू त्याला शिकवू नकोस, त्याला सांगायला लाव.

शाळेकडे वाटेचा नकाशा असतो, शूलवेगप्लान, तो माग. जवळची वाट नको, सिग्नलवाली घे, भले शंभर मीटर जास्त पडू दे. दोन शनिवार-रविवार नवऱ्यालाच पाठव बरोबर, त्याला कळू दे वाटेत काय काय आहे ते. मग मुलगा पुढे, तुम्ही मागे. मग फक्त मोठ्या क्रॉसिंगपर्यंत. दरम्यान गल्लीतली आणखी दोन पोरं शोध, ती आहेतच, तुमच्या गाडीच्या काचेतून दिसत नाहीत एवढंच. सायकलची घाई नको, आठ वर्षांखालच्यांना रस्त्यावर चालवता येत नाही, आणि चौथीत पोलीस येऊन परीक्षा घेतात तोवर बहुतेक शाळा सायकल नकोच म्हणतात.

ते घड्याळाचं विचारलंयस, "ज्यातून वर्गातलं ऐकूसुद्धा येतं". नको! मुलांच्या असल्या ऐकणाऱ्या घड्याळांवर इथे २०१७ पासून बंदी आहे. भारतातून कोणी आणून दिलं तरी घालू नकोस.

आता बाकीचं. पोहणं खेळाच्या तासातच धरतात, सर्दी होते म्हणून चिठ्ठ्या देत बसू नकोस, डोकं नीट पुसून टोपी घाल. दिवाळीला सुट्टी लागायच्या दोन दिवस आधीचं तिकीट काढलंयस ते बदल, दंड होतो, आणि आजारी आहे म्हणून खोटं तर अजिबात कळवू नकोस. सासरेबुवा "नातवाला गणितात फक्त १ मिळाला" म्हणून पुढे चिंतेत पडायच्या आधीच त्यांना सांगून ठेव की इथे १ म्हणजे सगळ्यात उत्तम आणि ६ म्हणजे नापास, माझ्या सासऱ्यांनी तर कोल्हापूरहून शिकवणीचे पैसे पाठवले होते.

आणि डिसेंबरात तुमच्याकडे सूर्य आठनंतर उगवतो, तेव्हा चमकणारं जॅकेट आत्ताच घेऊन ठेव, एक साइज मोठं, आतून स्वेटर जायला हवा.