तुमचे प्रश्न: घड्याळाच्या पाठीला काच

प्रश्न: माझ्याकडे सायकोचं एसकेएक्स ००७ आहे, मागे लाटेचं चित्र असलेलं स्टीलचं झाकण. आतलं मशीन चालताना बघायचंय म्हणून काचेचं बॅक शोधतोय, तर एका ठिकाणी ‘सगळ्या सायकोला बसतं’ असं लिहिलंय. घेऊ का? आणि घरी बसवता येईल का?

‘सगळ्या सायकोला बसतं’ असं कुणी लिहिलं असेल तर तिथून घेऊच नका. ००७ आणि ००९ ला एकच बॅक चालतं, पण त्यातलंच धाकटं ०१३ बघा, त्याचं माप वेगळं. त्यामुळे मॉडेल नंबर स्पष्ट लिहिलेला असेल तरच पुढे जायचं.

आता खरी गोष्ट. लोक काच सफायर आहे की मिनरल यावरच अडतात, आणि बघायचं असतं ते आटे आणि आतली खोली. आटे जुळले नाहीत तर बॅक बसतच नाही, म्हणजे निदान कळतं तरी. खोलीचं तसं नाही, बॅक मस्त बसतं, घट्ट होतं, आणि आत रोटर (हात हलला की फिरून घड्याळाला चावी देणारं वजन) काचेला घासत राहतो. माझ्या एका घड्याळाचं हेच झालं, दोन दिवस मला वाटत होतं की रोटरचा आवाज आता काचेतून जरा जास्त येतोय इतकंच, मग उजेडात तिरकं धरून बघितलं तर काचेच्या आतल्या बाजूला अर्धचंद्रासारखा करडा ओरखडा, आणि मशीनवर बारीक चमचमती धूळ. ती धूळ म्हणजे रोटरचाच धातू. पूर्ण सर्व्हिस करावी लागली, आणि विकणाऱ्याचं म्हणणं काय तर ‘बाकी कुणाची तक्रार नाही’.

म्हणून बसवायच्या आधी व्हर्नियर घ्या, त्याच्या शेपटीच्या दांडीने जुन्या झाकणाची आतली खोली मोजा (कडेच्या सपाट भागापासून तळापर्यंत) आणि नव्याची काचेपर्यंत. नवं उथळ निघालं तर परत करा. बसवल्यावर घड्याळ डायल वर करून हलवा, कारण तेव्हा रोटर आपल्या वजनाने काचेकडे झुकतो, आणि कानाशी धरून ऐका. नुसती घरघर चालेल, खरखर नाही.

घरी जमतं का, तर जमतं, घाई नसेल तर. आधी रबरी बॉल दाबून फिरवून बघा, नाही हललं तर तीन पिनांचा पाना. पाना निसटला की पहिला ओरखडा केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचावर, जातो, म्हणून कडेला टेप लावा. झाकण निघालं की मशीनवर उलटा ग्लास ठेवायचा आणि मगच बाकीची शोधाशोध करायची. बॅलन्सला (मागेपुढे झुलत असतं त्या बारीक चाकाला) बोट लागता कामा नये, अगदी ‘चालतंय का बघू’ म्हणूनसुद्धा नाही. गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी रिंग, नवीन घ्या, बोटावर मोहरीएवढं सिलिकॉन ग्रीस घेऊन त्यावरून फिरवा, रबर नुसतं चमकलं पाहिजे, माखायचं नाही. बॅक ठेवलं की आधी हलकेच उलटं फिरवा, आटा ‘टक’ करून खाली बसल्यासारखा वाटला की मग सुलटं. हे न करता जोर लावला की आटे एकमेकांवर चढतात, आणि केसचे आटे गेले तर केसच गेली.

पाण्याचं म्हणाल तर हिशोब करून बघा. २०० मीटर म्हणजे साधारण २० बार दाब. काच ३० मिमी व्यासाची धरली तर तिच्यावर जवळपास १४० किलोचा भार येतो. हा भार त्या काचेने आणि तिच्याभोवतीच्या रिंगने झेलायचा, आणि ती काच चिकटवलीय की दाबून बसवलीय हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. त्यामुळे बॅक बदललं की डायलवरचा २०० मीटरचा आकडा विसरा, प्रेशर टेस्ट होईपर्यंत हात धुण्यापलीकडे काही नको.

आणि एक, आत जे दिसेल त्याबद्दल फार आशा ठेवू नका. ००७ च्या आतलं ७एस२६ हे कामाचं मशीन आहे, नक्षीबिक्षी काही नाही. पण बॅलन्स सेकंदाला ६ ठोके घेताना दिसतो आणि मला तेवढ्यात मजा येते, तुम्हाला येईल की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न: स्टीलचं झाकण काढून काच लावली की चुंबकाचा त्रास वाढतो का?

बहुतेक घड्याळांत नाही, कारण नेहमीचं स्टेनलेस स्टील चुंबकाला तसंही फारसं अडवत नाही. ज्यांच्या आत मऊ लोखंडाचं वेगळं कवच असतं, जुनं रोलेक्स मिलगाउस वगैरे, त्यांच्या पाठीशी मात्र खेळू नका. ओमेगाने २०१३ मध्ये १५,००० गाउस (चुंबकाच्या जोराचं माप) झेलणारं घड्याळ काचेच्या पाठीसकट आणलं ते जमलं, कारण त्यांनी कवचाच्या भानगडीत न पडता मशीनचे भागच चुंबक न धरणारे केले.

प्रश्न: काच बसवून आठवडा झाला, सकाळी आतून धुकं दिसतं, थोड्या वेळाने जातं. चालेल ना?

नाही चालणार. धुकं गेलं म्हणजे पाणी गेलं असं नाही, ते आतच कुठेतरी आहे आणि स्क्रू गंजायला तेवढं पुरतं. घड्याळ कोमट करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा, खाली वाफ दिसली तर आजच उघडून वाळवून घ्या. उन्हात ठेवून वाळवू नका. बऱ्याचदा गॅस्केट चिमटलेलं किंवा खाचेतून बाहेर आलेलं सापडतं.

प्रश्न: जुनं झाकण विकून टाकू का?

अजिबात नको. सायकोचा सिरियल नंबर त्याच्यावरच असतो, पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. विकताना घेणारा तेच विचारतो. पिशवीत घालून वर मॉडेल लिहून ठेवा, माझ्याकडे अशी चार झाकणं आहेत आणि त्यातलं कुठलं कशाचं हे आता मलाच सांगता येत नाही.